लोखंडी धाव ते ट्यूबलेस

परवा शिरूरहून दौंडच्या बाजूला सायकल काढली. ओढ्यातले गोटे, बाभळीची मुळं. हवा टम्म भरलेली, म्हणून टायर दगडावर उडायचा आणि मुळावर घसरायचा. शिवाय दोन काटे. चूक माझीच.

जुन्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असायची. ती दबत नाही, त्यामुळे सगळा हादरा वर. 1888 मध्ये बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर लावले आणि धक्का हवेनं खाल्ला. आपल्याकडे उसाच्या गाड्यांनाही पुढे टायर आलेच की!

1933 मध्ये अमेरिकेत श्विननं दोन इंचांहून जाड बलून टायर आणले. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्याच जुन्या सायकली डोंगरावरून सोडल्या. (ब्रेकचं ग्रीस जळायचं, दर फेरीनंतर नवं भरायचं!) माउंटन बाईक तिथून आली.

जाड टायरमध्ये हवा कमी ठेवली की तो दगडाला बिलगतो. पण ट्यूब रिममध्ये चिमटते. म्हणून ट्यूबलेस, आणि आत सीलंट, जे काट्याचं भोक बुजवतं. मी पुढे 2.4 इंची, खोल गुट्ट्यांचा टायर घेतोय, मागे 2.25 चालेल. बाभळीचा काटा मात्र बाजूच्या भिंतीतून घुसला, तर सीलंटचंही काही चालत नाही. पॅच सोबत ठेवा.