तुवालूचा प्रवास: आधी विमान, मग बाकी सगळे

तुवालू हा प्रशांत महासागरातील नऊ लहान बेटांचा देश आहे. सगळी जमीन मिळून सुमारे २६ चौरस किलोमीटर, लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास. एलिस बेटे या नावाने पूर्वी तो ब्रिटिश वसाहतीचा भाग होता आणि १ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वतंत्र झाला. जगात सर्वांत कमी पर्यटक जाणाऱ्या देशांत त्याची गणना होते. तिथे जाणे अशक्य नाही, मात्र तिथे पोहोचल्यावर ‘बघू काय ते’ म्हणून चालत नाही. जे विसरले ते बहुधा तिथे मिळत नाही आणि विमान चुकले तर पुढचे काही दिवसांनीच असते.

म्हणून बेत उलट्या बाजूने आखावा लागतो. राजधानी फुनाफुतीला जाणारी नियमित विमानसेवा फिजीहून आहे. आठवड्यातून मोजक्या फेऱ्या, विमान लहान, प्रवास सुमारे अडीच तासांचा. आधी या विमानाची जागा पक्की करायची, मग भारत ते फिजी हा मोठा टप्पा जुळवायचा. यात एक खाच आहे. परदेशातून येणारी बहुतेक विमाने फिजीच्या पश्चिमेकडील नांदी विमानतळावर उतरतात, तर तुवालूची विमाने मुख्यतः पूर्वेकडील सुवाजवळच्या नौसोरीहून सुटतात. मध्ये देशांतर्गत विमान किंवा काही तासांचा रस्ता येतो, म्हणून फिजीत किमान एक मुक्काम धरलेला बरा. परतीच्या बाजूला तर दोन-तीन दिवस मोकळे हवेतच. तुवालूहून निघालेल्या दिवशीच भारताकडचे विमान ठरवणे हा या प्रवासातला सर्वांत महाग पडणारा उतावळेपणा.

तुवालूत अल्प मुक्कामाची परवानगी पोहोचल्यावर दिली जाते. त्यासाठी परतीचे तिकीट आणि पुरेशा मुदतीचा पासपोर्ट लागतो. वाटेत सिडनीला विमान बदलायचे असेल, तर भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा आधी काढावा लागतो. नियम बदलत असल्याने तिकिटाआधी वाटेतल्या प्रत्येक देशाचे नियम पाहून घ्यावेत.

पैसे, पाणी, औषधे

चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. देशात पहिले एटीएम आले ते थेट एप्रिल २०२५ मध्ये. तोवर सगळा व्यवहार रोखीचा होता. आताही कार्डावर भिस्त ठेवू नये. मुक्काम, जेवण, भाड्याची दुचाकी आणि होडी यांचा हिशेब करून डॉलर भारतातूनच न्यावेत, शिवाय अडकून पडल्यास लागतील तेवढे जास्तीचे.

देशात एकही नदी नाही. छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवायचे, हीच लोकांची मुख्य सोय. २०११ मध्ये पाऊस लांबला तेव्हा सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली होती. कोरड्या दिवसांत पाहुण्याने बादलीभर पाण्यात अंघोळ उरकावी, हे सांगायला लागू नये. गंभीर आजाऱ्याला उपचारांसाठी फिजीला हलवावे लागते, म्हणून नेहमीची औषधे पुरेशी घ्यावीत आणि विमानाने हलवण्याचा खर्च देणारा प्रवास विमा घ्यावा.

खाण्यात मासे, नारळ, भात आणि डबाबंद वस्तू जास्त. स्थानिक मुख्य कंद म्हणजे पुलाका, आपल्या अळूच्याच कुळातला, पण चांगला मोठा. तो खोल खड्डे खणून लावतात. आता समुद्राचे खारे पाणी त्या खड्ड्यांत मुरू लागले आहे. माडाच्या पोयीतून काढलेला गोड रसही पितात, कोकणातल्या माणसाला तो अनोळखी वाटणार नाही. शुद्ध शाकाहारी माणसाने मात्र कोरडा शिधा सोबत न्यावा.

कधी जावे, काय पाहावे

उकाडा बारा महिने. मे ते ऑक्टोबर पाऊस तुलनेने कमी. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे आणि वादळांचे दिवस. वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरत्या साधारण फेब्रुवारीच्या सुमारास येतात. तेव्हा पाणी किनारा ओलांडून येण्याची वाट पाहत नाही, सच्छिद्र जमिनीतूनच वर येते आणि अंगणात साचते.

फुनाफुतीचे मुख्य बेट फोंगाफाले सुमारे १२ किलोमीटर लांब आहे आणि सर्वांत रुंद जागीही त्याची रुंदी जेमतेम ४०० मीटर. त्यातली मोठी जागा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने बांधलेल्या धावपट्टीने व्यापली आहे. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो, लोक बाजूला होतात. संध्याकाळी त्याच धावपट्टीवर मुले चेंडू खेळतात आणि घरचे लोक वाऱ्याला येऊन बसतात. खाजणापलीकडचे फुनाफुती संवर्धन क्षेत्र होडीने एका दिवसात पाहता येते. निर्जन बेटे, प्रवाळ, समुद्रपक्षी. एवढ्यासाठी तरी एक दिवस राखावा.

बाहेरच्या बेटांवर जायला मुख्य साधन बोटीचे, आणि तिचे वेळापत्रक हवामानावर व मालावर ठरते. मोजके दिवस हाती असलेल्याने त्या वाटेला न गेलेलेच बरे.

रविवार चर्चचा. दुकाने, होड्या बहुतेक बंद, म्हणून तो दिवस कामाचा धरू नये. पोहण्याचे कपडे घालून वस्तीत फिरणे तिथे असभ्य मानतात. स्त्री असो वा पुरुष, गुडघ्याखाली येणारे कपडे घालावेत. प्लॅस्टिक टाकायला बेटावर जागाच नाही, तेव्हा रिकाम्या बाटल्या आणि बॅटऱ्या परतीच्या सामानात याव्यात. परतीचे विमान वेळेवर आहे ना, हे निघण्याच्या आदल्या दिवशी विमान कंपनीच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारावे.