अरबी लिपीतला विरह

आम्ही पाचोऱ्यात उर्दू शिकवतो, मराठीत लिहितो, बाजारात अहिराणी बोलतो. गझलेतला 'हिज्र' शिकवताना आम्हाला अंदलूस आठवतो. ११व्या शतकात तिथले मुस्लिम आणि यहुदी कवी 'मुवश्शह' रचनेच्या शेवटी 'खर्जा' जोडत. अनेकदा त्यात एक स्त्री बोले: प्रियकर फिरकत नाही, ती आईजवळ मन मोकळे करते. कित्येक खर्जांची भाषा अंदलूसमधली जुनी रोमान्स लोकबोली. लिपी मात्र अरबी किंवा हिब्रू. १९४८ साली सॅम्युअल स्टर्न यांनी हिब्रू लिपीतल्या खर्जा उलगडल्या आणि रोमान्स भाषांमधल्या सर्वांत जुन्या ज्ञात प्रेमगीतांपैकी काही जगासमोर आली. भाषेला धर्म चिकटवणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. आम्हीही वाचावे. कारण आमच्या आयाबहिणींची जात्यावरची गाणी अजून कुणी, कुठल्याच लिपीत, पुरती उतरवलेली नाहीत.