बंद घराचा धनी

पलसाण्यातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या दारावर गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक कागद चिकटवला गेला. घराची मागील भिंत मोडकळीस आली असून ती जाणाऱ्या-येणाऱ्यांस धोकादायक आहे, तरी मालकाने ती सात दिवसांत उतरवून घ्यावी अथवा दुरुस्त करावी, असा त्यातील मजकूर होता. मालक म्हणून माझ्या आजोबांचे नाव लिहिले होते. आजोबांना जाऊन पन्नास वर्षे होऊन गेली. शेजारच्या मुलाने त्या कागदाचे छायाचित्र मला पाठवले, तेव्हा प्रथम हसू आले आणि मग संकोच वाटला. राज्य सरकारच्या सेवेत असताना अशा मसुद्याच्या नोटिसांवर मी स्वतः कितीतरी सह्या केल्या होत्या. त्यांतल्या किती मृत माणसांच्या नावे निघाल्या असतील, याचा विचार मात्र तेव्हा कधी केला नव्हता.

हा प्रसंग केवळ आमच्या घरचा नाही. सुरत, नवसारी, व्यारा, सोनगड, बडोदे या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांचे एखादे तरी घर आज कुलूपबंद आहे. त्या घरांचे काय व्हायचे हा प्रश्न आपण खासगी मानतो. तो तसा राहिलेला नाही, आणि इतिहास पाहता तो कधीच तसा नव्हता.

पलसाणा आज सुरत जिल्ह्याचा तालुका आहे आणि राष्ट्रीय महामार्ग, कडोदऱ्याच्या रंगाई-छपाईच्या गिरण्या व चलथाणचा साखर कारखाना यांमुळे तो ओळखला जातो. परंतु १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत पलसाणा हा गायकवाडी मुलूख होता. नवसारी प्रांताचा कारभार सुभ्याकडे, त्याखालील महालाचा वहिवाटदाराकडे, आणि कचेरीत दप्तर सांभाळणारे कारकून, अशी ती रचना होती. ब्रिटिश सुरत जिल्हा आणि गायकवाडी गावे एकमेकांत इतकी गुंतलेली होती की एका दिवसाच्या बैलगाडीच्या प्रवासात माणूस दोनदा हद्द ओलांडत असे. या कचेऱ्यांच्या निमित्ताने आपले पूर्वज येथे आले. त्यांतले काही बदलीबरोबर पुढे गेले, काहींनी जागा घेऊन घर बांधले. आमच्या आजोबांनी महालाच्या कचेरीत नोकरी केली आणि निवृत्तीपूर्वी सागाच्या खांबांचे दुमजली घर उभे केले. विलीनीकरणानंतर कचेऱ्यांची रचना बदलली, मुले शिक्षणासाठी सुरतेस व बडोद्यास गेली, नातवंडे पुण्या-मुंबईस आणि पतवंडे समुद्रापार. घर मात्र जागचे हलले नाही.

माणसे जातात आणि घरे मागे राहतात, हा अनुभव सुरतेला नवा नाही. २४ एप्रिल १८३७ रोजी लागलेल्या आगीत शहर व उपनगरे मिळून ९,३७३ घरे नष्ट झाल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. त्याच वर्षी तापीला मोठा पूर आला. या दुहेरी आघातानंतर पारशी व जैन व्यापाऱ्यांतील अनेक घराणी मुंबईस निघून गेली. सुरतेची नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली, ती अशा ओसरत्या शहरात.

पुढे विसाव्या शतकात बंद घरांच्या प्रश्नात कायद्याने तीन वेगवेगळ्या दिशांनी हात घातला. त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे.

पहिला मुंबईचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. युद्धकाळात शहरांत जागेची विलक्षण टंचाई झाली होती. या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच सामान्यतः प्रमाण भाडे ठरवले व भाडेकरूस हुसकावण्यास आळा घातला. १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला तरी हा कायदा येथेही चालू राहिला. हजारो गरीब कुटुंबांस त्याने छप्पर राखून दिले, हे विसरता येणार नाही. परंतु भाडे गोठले आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, तेव्हा मालकाने घराकडे पाठ फिरवली. जागा एकदा रिकामी झाली की ती पुन्हा भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावणे त्याला सुरक्षित वाटू लागले. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाडे असे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिले नसल्याचा निर्वाळा दिला. तोपर्यंत पन्नास वर्षे उलटली होती. या कायद्यातील एक विसंगती मला नेहमी खटकत आली. भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालकास ताबा मागता येई. मालकाने साठ वर्षे जागा बंद ठेवली, तर त्याला हा कायदा काही विचारत नव्हता.

मालकाला विचारणारा कायदा त्यानंतर वर्षभरातच आला. तो मुंबईचा १९४८ चा भूमी अधिग्रहण कायदा. आज तो फारसा कुणाच्या स्मरणात नाही. अधिसूचित क्षेत्रातील जागा रिकामी झाली की मालकाने ठरावीक मुदतीत विहित नमुन्यात ती खबर अधिकाऱ्यास कळवावी आणि सरकारने हवी तर ती जागा सार्वजनिक कामासाठी ताब्यात घेऊन कुणाला राहण्यास द्यावी, अशी त्यात तरतूद होती. रिकामेपणाची नोंद ठेवणे, ती कळवण्याचे कर्तव्य मालकावर टाकणे आणि न कळवल्यास शिक्षा, या ज्या कल्पना आज परदेशातील शहरांच्या म्हणून सांगितल्या जातात, त्या आपल्याकडे पाऊणशे वर्षांपूर्वी कायद्यात उतरल्या होत्या. मग त्या टिकल्या का नाहीत? कारण तात्पुरता म्हणून घेतलेला ताबा सरकारने सोडलाच नाही. १९८४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे १९५१ मध्ये ताब्यात घेतलेल्या सदनिकेचे प्रकरण होते. अधिग्रहण हे स्वभावतः तात्पुरते असते, ते अनंतकाळ चालवता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. पुढे १९९४ मध्ये तेच तत्त्व दृढ झाले. मालक घर विसरला होता म्हणून सरकार पुढे आले, आणि मग सरकार मालकाला विसरले.

तिसरा कायदा म्हणजे १९४९ चा महानगरपालिका अधिनियम, ज्याच्या आधारे आज सुरतेचा कारभार चालतो. सुरतेस महानगरपालिका १९६६ मध्ये मिळाली. या अधिनियमाचे कलम २६४ मोडकळीस आलेल्या वा पडण्याच्या बेतात असलेल्या बांधकामासंबंधी आहे. आयुक्ताने मालकास वा वहिवाटणाऱ्यास लेखी नोटीस द्यावी आणि त्याने ते पाडावे, सावरावे किंवा दुरुस्त करावे. दर पावसाळ्यापूर्वी सुरतेच्या जुन्या वस्तीत ज्या ‘जर्जरित’ इमारतींच्या नोटिसा निघतात, त्यांचा उगम हा. हे कलम आवश्यक आहे. पण त्याची नजर भिंतीवर आहे. भिंत कलली की ते जागे होते. कुलूप लागल्यापासून भिंत कलेपर्यंतच्या वीस-तीस वर्षांत ते काही बोलत नाही. उलट जुन्या पालिका करपद्धतीत जागा रिकामी असल्याबद्दल करात सवलत मागता येत असे. जेथे कुणी राहत नाही तेथे पालिकेच्या सेवा कमी लागतात, हा त्यामागचा हिशेब होता. रिकामे घर शेजाऱ्यांना किती महाग पडते, याचा हिशेब त्यात नव्हता.

मुंबईने निराळा मार्ग धरला. पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या तेव्हा बेडेकर समिती नेमली गेली आणि १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. जुन्या शहरातील १९,६४२ इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्ती करावी, अशी ती योजना होती. अलीकडे म्हाडा कायद्यात घातलेल्या कलम ७९-अ नुसार धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या मालकास पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यास सहा महिने, त्याने न दिल्यास भाडेकरूंना सहा महिने, आणि त्यानंतर मंडळाने पुढाकार घ्यावा, असा क्रम ठरला. मालक गप्प राहिला तर पुढे बोलायचे कुणी, एवढे तरी त्याने निश्चित केले.

परदेशातील दोन-तीन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. अमेरिकेतील फिलाडेल्फियाने २०११ पासून असा नियम लावला की वस्ती असलेल्या गल्लीतील रिकाम्या घरास फळ्या ठोकून चालणार नाही, मालकाने खरी दारे-खिडक्या बसवली पाहिजेत. कॅनडातील व्हँकुव्हरने २०१७ पासून रिकाम्या घरावर त्याच्या मूल्याच्या एक टक्का कर लावला आणि पुढे तो वाढवला. इंग्लंडमध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने दीर्घकाळ रिकाम्या घराचे केवळ व्यवस्थापन स्थानिक संस्थेने हाती घ्यावे, मालकी मालकाचीच राहावी, अशी सोय केली. या सर्वांत एक गृहीत धरलेले आहे, ते म्हणजे मालक कोण हे ठाऊक असणे.

रिकामेपणा जुन्या वाड्यांपुरताच आहे, असेही नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे अडीच कोटी घरे रिकामी आढळली आणि त्यांतली एक कोटीहून अधिक शहरांत होती. पलसाण्याच्या शेजारी, सचिन भागातील पाली गावात ६ जुलै २०२४ रोजी एक बहुमजली इमारत कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. ती इमारत जेमतेम सात-आठ वर्षांची होती. तिच्यातल्या बऱ्याचशा सदनिका रिकाम्या होत्या आणि उरलेल्यांत पोटासाठी आलेले कामगार राहत होते. देखभाल कुणाची, हा प्रश्न विचारणारे कुणी नसले की सिमेंटही सागाच्या आधी जाते.

आणि सरकारही मालक असतेच. बडोद्याचे १८९६ चे न्यायमंदिर पाहा. २०१८ मध्ये न्यायालये नव्या संकुलात गेली आणि ती देखणी वास्तू रिकामी झाली. त्याच बडोद्यात, १८४९ ते १८५४ या काळात दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा रावपुऱ्यातील वाडा मात्र भित्तिचित्रांसह उभा आहे, कारण पुरातत्त्व खाते त्याचे उत्तरदायी आहे. वाड्याचे वय दोन्हीकडे अपुरे कारण ठरते. कुणीतरी एक जबाबदार असणे हेच खरे कारण.

येथे आपल्या कुटुंबांच्या मुळाशी यावे लागते. आमच्या घराचा पेढीनामा मी या निमित्ताने प्रथमच लिहून काढला. आजोबांची सहा अपत्ये होती. आज वारस एकोणीस आहेत. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्कही निःसंदिग्ध झाला, आणि ते योग्यच झाले. परंतु गेल्या पन्नास वर्षांत वारसाईची एकही नोंद कुणी केली नव्हती, माझ्यासारख्या महसूल जाणणाऱ्यानेही नाही. घर बेवारस नव्हते. त्याला इतके धनी होते की प्रत्येकाला वाटे, दुसरा कुणी पाहत असेल.

सदनिकांसाठी गुजरातने २०१८ मध्ये कायदा बदलून पंचवीस वर्षांवरील इमारतीचा पुनर्विकास पंचाहत्तर टक्के मालकांच्या संमतीने करता येईल, असे केले. वडिलोपार्जित घरास अशी सोय नाही. तेथे एका चुलतभावाचा नकार पुरतो. मात्र १८९३ चा विभाजन कायदा अजून लागू आहे. वाटणीच्या दाव्यात मिळकतीचे तुकडे करणे व्यवहार्य नसेल आणि निम्म्या वा अधिक हिश्श्याचे धनी मागणी करतील, तर न्यायालय विक्रीचा हुकूम देऊ शकते. हा मार्ग भांडणाचा आहे. पण तो असल्याचे माहीत असले की भांडण बरेचदा टळते, असा माझा नोकरीतला अनुभव आहे.

आमची मागील भिंत सात दिवसांत नव्हे, पण दोन महिन्यांत उतरवली गेली. बडोद्याच्या आत्यांनी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, सर्वांत आधी मुखत्यारपत्रावर सही केली. पुण्याच्या दोन चुलतभावांची सही यायला दिवाळी उजाडली. एक सही अजून यायची आहे. घर विकायचे, दुरुस्त करायचे की गावातील वाचनालयास द्यायचे, याचा निर्णय झालेला नाही, आणि तो आमच्या मनासारखा होईलच असेही नाही. परंतु दप्तरात आता आजोबांच्या नावाखाली हयात माणसांची नावे आली आहेत. पुढची नोटीस निघाली तर ती वाचणाऱ्या माणसाला मिळेल.

वाचकांस विनंती एवढीच की घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसून पेढीनामा लिहून घ्यावा. कोण कुणाचे, कोण कुठे गेले, कोणते घर कुणी बांधले, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्यानंतर ते शोधण्यास कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.