दगड खरा, सांधा खोटा

२८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्ली पूर्वेला एक जुनी तीन मजली इमारत कोसळली आणि नऊ माणसे ढिगाऱ्याखाली प्राणास मुकली. आठवडा लोटतो न लोटतो तोच, ४ ऑगस्टच्या पहाटे, ठाण्याच्या नौपाड्यात दुसरी इमारत पडून बारा जण दगावले. त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ अर्धवट बांधलेल्या बेकायदा इमारतीने ७४ जणांचा बळी घेतला होता. अशा वेळी ‘काळ आला होता’ असे म्हणून आपण सुस्कारा टाकतो. पण काळ भिंतीतून एकाएकी येत नाही. तो वर्षानुवर्षे आत शिरत असतो, आणि त्याची वाट आपल्याच भागाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. ती वाट वाचकांना दाखवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा दृष्टान्त आपल्या घराघरांत पाठ आहे. आपला प्रदेश तर खडकाचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि दख्खनचा काळा पाषाण जन्मला. आपले गवंडी त्याला काळवत्री म्हणतात. उत्तम काळवत्री एका चौरस सेंटिमीटरवर हजार किलोंहून अधिक भार सोसतो. मात्र हा दगड दाबाला जितका शूर तितकाच ताणाला दुबळा आहे. त्याला ओढले किंवा वाकविले, तर दाब सोसण्याच्या शक्तीच्या साधारण दहाव्या हिश्श्यातच तो तडकतो. म्हणून जुन्या कारागिरांनी रुंद दालनांवर दगडाची सपाट तुळई टाकली नाही. त्यांनी कमान रचली. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला रेटून धरतो, आणि वरचे सारे ओझे दाबाच्याच रूपाने खांबांत व तेथून पायात उतरते.

वसईच्या किल्ल्यात जाऊन पाहावे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती आली आणि १७३९ साली मराठ्यांनी ती जिंकली. त्यानंतर तेथील चर्चवास्तू ओस पडल्या, लाकडी छपरे कुजून गेली. तरी कमानी आणि मनोरे पावसाळ्यामागून पावसाळे झेलीत उभे आहेत. वसईचा दगड गलबतांतून गोव्यालाही जात असे. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागाला तो लावलेला आहे, तर बाकीच्या भिंती जांभ्याच्या आहेत. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कठीण होतो. परंतु तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो. म्हणून पूर्वजांनी त्यावर चुन्याचा गिलावा दिला होता. विसाव्या शतकाच्या मध्यास तो गिलावा काढून दगड उघडा करण्यात आला, आणि तेव्हापासून पाऊस त्या भिंतींना झिजवीत आहे. दगडाचा स्वभाव न ओळखता त्याला ‘शोभा’ आणू गेले की काय होते, ते तेथे दिसते.

ही झाली दगडाची गोष्ट. आता सांध्याकडे वळू.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. आज ठाकुर्लीच्या फलाटावरून आपण पाहतो तो हाच मार्ग. तो कल्याणहून पुढे पुण्याकडे नेण्यासाठी बोरघाट फोडावा लागला. त्या घाटात २५ बोगदे खणले गेले. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि कित्येक पटकीने मेले. १८६३ साली घाट खुला झाला; अवघ्या चार वर्षांत, जुलै १८६७ मध्ये, तेथील माहू की मळी नावाचा पन्नास-पन्नास फुटांच्या आठ कमानींचा पूल कोसळला. तपासात दोष दगडाचा निघाला नाही. दोष निघाला बांधणीचा. बाहेरून घडीव चिरे दिसत होते, पण निकृष्ट बांधकामाने पुलाला आतून पोखरले होते. चौकशीचे लोण इतर पुलांपर्यंत गेले आणि या लोहमार्गावरील बरेच दगडी काम नव्याने करावे लागले.

सुज्ञ वाचकहो, यातले मर्म ध्यानात घ्यावे. भिंतीचे बळ तिच्या सर्वांत कणखर दगडावर ठरत नाही; ते दोन दगडांमधल्या, गिलाव्याआड लपलेल्या सांध्यावर ठरते.

सांध्याच्याही खाली माती आहे. माती किती भार सोसते, हे शास्त्राला फार उशिरा कळले. फ्रेंच अभियंता कुलोम याने १७७६ साली दाखविले की, मातीचे बळ दोन गोष्टींतून येते: कणांच्या एकमेकांवरील घर्षणातून आणि त्यांच्या चिकटपणातून. पुढे दीडशे वर्षांनी, १९२५ साली, कार्ल टेरझागी यांनी पाण्याचे कोडे उलगडले. ओल्या चिकणमातीवर भार टाकला की तो प्रथम कणांमध्ये अडकलेले पाणी उचलून धरते. ते पाणी हळूहळू पिळून निघते, मग भार कणांवर येतो आणि जमीन खचते. वाळू हे काम चटकन उरकते. चिकणमातीला वर्षे लागतात. पिसा येथील कॅथेड्रलचा कलता मनोरा हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण. ११७३ साली त्याचा पाया घातला, तो मऊ मातीवर. मध्यंतरी सुमारे शतकभर काम थांबले, तेवढ्या अवधीत माती आवळली गेली, म्हणून मनोरा वाचला. एकसारखे खचणे इमारत सोसते. एक बाजू जास्त खचली की भिंतीत ताण येतो, आणि ताण तर दगडाला सोसवत नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न खाडीकाठी उभा राहतो. डोंगरकुशीत चार हात खणले की मुरूम आणि कातळ लागतो. उल्हास नदी व खाडीच्या बाजूला खाजणातील काळा, मऊ चिखल आहे. त्यावर भराव टाकून जमीन कोरडी दिसू लागते, पण भराव म्हणजे पाया नव्हे. कातळाचीही परीक्षा हवी, कारण घट्ट थरांच्या मध्ये कुजका, सच्छिद्र थर दडलेला असू शकतो.

ठाकुर्लीला रेल्वेने १९२९ साली चोळ्याचे वीजघर सुरू केले. बावनचाळीसारखी रेल्वे कामगारांची वस्ती वसली. पुढे डोंबिवली ते कल्याण शहर पसरत गेले आणि दगडी भिंतींची जागा सिमेंट काँक्रीटने घेतली. काँक्रीटदेखील दाबाला शूर आणि ताणाला दुबळे. म्हणून त्यात लोखंडी सळ्या घालतात. ताण सळी घेते, दाब काँक्रीट घेते. सांधा आता दगडादगडांतला उरला नाही, तो लोखंड आणि काँक्रीट यांच्यातला झाला. गच्चीतून व न्हाणीघरातून पाणी मुरते, खारी हवा किंवा खारी वाळू त्यात भर घालते आणि सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. खांबावर सळीच्या रेषेत उभी भेग पडते, स्लॅबचे पापुद्रे सुटतात, दरवाजे चौकटीत अडकू लागतात.

घरांना आशीर्वाद देण्यासाठी फिरताना आम्ही अशा भेगा पाहतो. सणापूर्वी त्यांवर गिलावा आणि रंग चढलेला असतो. ‘घर सोडले तर हक्क जाईल, भाडे कोठून भरावे?’ हे त्या कुटुंबांचे शब्द आम्हाला निरुत्तर करतात. ही भीती खोटी नाही आणि तिला केवळ उपदेशाचा गिलावा लावणे बरे नव्हे. म्हणून कामाचे तेवढे सांगतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची अधिकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. ती सर्व रहिवाशांनी मिळून मागावी. अभियंत्याने केवळ बाहेरून पाहू नये, गिलावा फोडून खांब उघडा करावा. खांब वा भिंत काढून खोली मोठी करू नये. घर रिकामे करण्याची वेळ आलीच, तर आपला ताबा व क्षेत्रफळ यांची लेखी नोंद महापालिकेकडून घ्यावी. ज्यांना भाडे परवडत नाही त्यांच्यासाठी त्या काळापुरता निवारा उभा करणे हे शेजाऱ्यांचे आणि धर्मग्रामाचे काम आहे.

माहू की मळीचा पूल पडला तेव्हा रेल्वेने निदान आपले उरलेले पूल तपासले. ठाकुर्लीच्या त्या रात्रीनंतर आपल्यापैकी किती इमारतींनी आपले खांब उघडून पाहिले? ज्या इमारतीत हा प्रश्न अद्याप कोणी विचारला नसेल, तेथे तो पुढच्या पावसाळ्याआधी विचारला जावा.