डेस्मंड टुटू कोण होते?

डेस्मंड टुटू यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९३१ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्लर्क्सडॉर्प येथे झाला. वडिलांप्रमाणे तेही शिक्षक झाले. मात्र १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला मुद्दाम दुय्यम शिक्षण आले. याच्या निषेधार्थ टुटूंनी नोकरी सोडली आणि पुढे ते अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू झाले.

वर्णभेदी सरकारवर आर्थिक निर्बंध लादावेत, अशी मागणी त्यांनी जगभर केली. १९८४ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. १९८६ मध्ये ते केप टाऊनचे पहिले कृष्णवर्णीय आर्चबिशप झाले.

हिंसा मात्र त्यांना कोणाचीच मान्य नव्हती. १९८५ मध्ये डुडुझा येथे पोलिसांचा खबऱ्या समजून जमाव एकाला जिवंत जाळायला निघाला, तेव्हा टुटूंनी मध्ये पडून त्याला वाचवले.

वर्णभेद संपल्यावर नेल्सन मंडेलांनी त्यांना सत्य आणि सलोखा आयोगाचे अध्यक्ष नेमले. राजकीय गुन्ह्याची पूर्ण कबुली देणाऱ्याला इथे माफी मिळू शकत होती. स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबासह अनेक पीडितांचा याला विरोध होता. आयोगाने मंडेलांच्या पक्षाच्या अत्याचारांचीही नोंद घेतली. १९९८ मध्ये अहवाल रोखण्यासाठी हा पक्ष न्यायालयात गेला, पण टुटू मागे हटले नाहीत आणि अहवाल सादर झाला.

भारत सरकारने त्यांना २००५ चा गांधी शांतता पुरस्कार दिला. २६ डिसेंबर २०२१ रोजी केप टाऊनमध्ये त्यांचे निधन झाले.