नाडीचा करारनामा

१९०९ सालच्या जुलै महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये एका कुत्र्याविषयी प्रश्न विचारला गेला. कुत्र्याचे नाव जिमी, जात बुलडॉग. त्याचे मालक ऑगस्टस वॉलर हे लंडनमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्या वर्षी मे महिन्यात रॉयल सोसायटीच्या समारंभात वॉलर यांनी जिमीचे पाय खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून त्याच्या हृदयातली विजेची हालचाल पाहुण्यांना दाखवली होती. हा प्राण्याचा छळ नव्हे काय, असा एका सभासदाचा सवाल होता. गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी मिश्कील उत्तर दिले. पाण्यात होते ते साधे मीठ. माननीय सदस्य कधी समुद्रात पाय बुडवून उभे राहिले असतील, तर तो अनुभव कसा असतो हे त्यांना ठाऊक असेलच. सभागृह हसले आणि प्रकरण मिटले.

हसण्यावारी गेलेल्या या प्रसंगात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. जिमीच्या बाजूने प्रश्न विचारता आला, कारण प्राण्यांच्या छळाविरुद्ध १८७६ सालचा कायदा हाताशी होता. माणसाच्या हृदयाचा पहिला आलेख याच वॉलर यांनी १८८७ साली काढला होता. पण प्रयोगात सामील होणाऱ्या माणसाच्या अटी काय, त्याच्या आलेखावर हक्क कोणाचा, हे सांगणारा तसा कायदा माणसासाठी नव्हता. आज मनगटावरचे घड्याळ दिवसरात्र नाडी मोजते आणि लाखो माणसांच्या नाड्या एकाच वेळी संशोधनात जमा होतात. त्या माणसांनी कोणत्या अटींवर आपली नाडी दिली, आणि त्या अटी इथवर कशा आल्या, हे पाहण्यासाठी हा लेख.

दीड किलोमीटरची तार

आपल्याकडे वैद्य रोग्याचे मनगट हातात धरी. त्याच्या बोटांना जे कळले ते त्या खोलीत, फार तर त्या घरात राही. नाडी आणि नाडीचा मालक वेगळे होत नसत. ते पहिल्यांदा वेगळे झाले हॉलंडमधल्या लायडन गावी. विलेम आइन्थोवेन यांनी बनवलेल्या तारेच्या गॅल्व्हॅनोमीटरचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य, रोग्यांना प्रयोगशाळेत आणणे अवघड. म्हणून १९०५ साली आइन्थोवेन यांनी टेलिफोनच्या तारांची मदत घेतली. रोगी रुग्णालयात खाटेजवळ, त्याच्या हृदयाचा आलेख सुमारे दीड किलोमीटर दूर प्रयोगशाळेत. ‘दूरहृदयालेख’ जन्माला आला. १९२४ साली आइन्थोवेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढची उडी अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या नॉर्मन हॉल्टर यांची. हृदयाचा आलेख खाटेवर पडलेल्या माणसाचाच का, चालत्याफिरत्या माणसाचा का नको, असा त्यांचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी बनवलेले रेडिओयंत्र पाठीवर वागवावे लागे आणि त्याचे वजन होते जवळजवळ ३८ किलो. १९६१ साली त्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात आपल्या पद्धतीविषयी लिहिले, तोवर यंत्र बरेच आटोपशीर झाले होते. आजही डॉक्टर ‘हॉल्टर लावा’ म्हणतात ते याच माणसाच्या नावाने. मात्र हॉल्टर लावलेल्या माणसाला आपल्यावर यंत्र आहे याची जाणीव क्षणभरही सुटत नसे. ३८ किलोंचे ओझे हीच एक प्रकारची सूचना होती. घड्याळाने ते ओझे काढले आणि सूचनाही काढली.

गावाचा शब्द

हृदयरोगाच्या संशोधनात लोकांनी आपणहून सामील व्हावे, याचा सर्वांत मोठा धडा फ्रॅमिंगहॅमचा. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात १९४८ साली अभ्यास सुरू झाला. निवडलेल्यांपैकी ४,४६९ जण आले, ७४० जण आपणहून पुढे आले आणि ५,२०९ स्त्री-पुरुषांचा गट तयार झाला. भरतीसाठी गावकऱ्यांचीच समिती होती. शेजारी शेजाऱ्याला सांगत होता. दर दोन वर्षांनी तपासणी. उपचार संशोधक करत नसत; निष्कर्ष त्या माणसाच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जात. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांना ‘जोखमीचे घटक’ म्हणण्याची रीत रूढ झाली ती इथूनच. १९७१ साली या लोकांची मुले आणि सुनाजावईही अभ्यासात आले.

या कराराचा मोठा भाग कागदावर नव्हता, विश्वासावर होता. त्या विश्वासाची कसोटी २००० साली लागली. अभ्यास चालवणाऱ्या बॉस्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने एक खासगी कंपनी उभी राहू लागली. पन्नास वर्षांची ही माहिती आणि जनुकीय नोंदी एकत्र करून औषध कंपन्यांना विकत घेता येतील अशा रूपात द्यायच्या, असा बेत होता. आपण लोककल्याणासाठी दंड पुढे केला, तो कोणाच्या नफ्यासाठी होता काय, असा प्रश्न उभा राहिला. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली माहिती कोणाला, किती द्यायची यावर सरकारी संस्थेशी एकमत झाले नाही आणि वर्षाअखेरीस तो बेत गुंडाळावा लागला. माहिती देताना जो हेतू सांगितला होता तो नंतर बदलला तर काय, हा प्रश्न घड्याळ येण्याच्या आधीच विचारला गेला होता.

दरम्यान लेखी संमतीची चौकट तयार होत होती. १९४७ सालची न्यूरेम्बर्ग संहिता, १९६४ सालचे हेलसिंकी घोषणापत्र. अमेरिकेत टस्कीगी इथे कृष्णवर्णीय पुरुषांना उपदंशावरचे उपचार न देता १९३२ पासून चाळीस वर्षे नुसते ‘पाहिले’ गेले, हे १९७२ साली उघड झाले. त्यातून १९७४ सालचा कायदा आणि १९७९ सालचा बेल्माँट अहवाल आला. या सर्व चौकटीत मध्यवर्ती चित्र एकच होते : समोरासमोर बसलेले दोघे, मध्ये एक कागद, आणि प्रश्न विचारायला वेळ.

चार लाखांचे मनगट

हे चित्र २०१५ साली बदलले. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ‘मायहार्ट काउंट्स’ हे ॲप मार्चमध्ये आले आणि पहिल्या चोवीस तासांत सुमारे अकरा हजार माणसांनी नाव नोंदवले. संमती फोनच्या पडद्यावरच. या ॲपमध्ये एक चांगली सोय होती : आपली माहिती फक्त स्टॅनफर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांपुरती ठेवायची, की जगभरच्या पात्र संशोधकांना द्यायची, हे माणसाने स्वतः निवडायचे.

मग आला ‘ॲपल हार्ट स्टडी’. नोव्हेंबर २०१७ ते ऑगस्ट २०१८ या काळात ४,१९,२९७ माणसे सामील झाली. पैसा कंपनीचा, अभ्यास स्टॅनफर्डचा. घड्याळाला नाडी अनियमित वाटली की सूचना येई, मग व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलणे, मग घरी टपालाने ईसीजीची चिकटपट्टी. सूचना आली फक्त २,१६१ जणांना, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. चिकटपट्टी लावून विश्लेषणायोग्य नोंद परत पाठवली ४५० जणांनी. त्यांतल्या ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, आढळली. पक्षाघाताला निमंत्रण देणारा हा विकार आहे. ज्यांना तो वेळेत कळला त्यांच्या दृष्टीने या अभ्यासाची किंमत आकड्यांत सांगता येणार नाही. आकड्यांची दुसरी बाजूही पाहावी : ज्यांना कोणतीच सूचना आली नाही अशा चार लाखांहून अधिक माणसांनीही आपली नाडी दिलेलीच होती.

सामील होणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इथे दोन कागद असतात आणि बहुतेकांना ते एकच वाटतात. एक संशोधनाचे संमतिपत्र. त्यावर नीतिसमितीची नजर असते. दुसरा घड्याळ विकणाऱ्या कंपनीच्या सेवाशर्ती. त्यावर अशी समिती नसते. अमेरिकेतला १९९६ सालचा ‘हिपा’ कायदा रुग्णालये, विमा कंपन्या आणि त्यांच्या कामकरी संस्थांना लागू होतो. तीच नाडी रुग्णालयाच्या यंत्राने मोजली तर कायद्याच्या छत्राखाली येते. आपण विकत घेतलेल्या घड्याळाने मोजली तर एरवी त्या छत्राबाहेर राहते. ही फट बुजवण्यासाठी वॉशिंग्टन राज्याने २०२३ साली वेगळा कायदा केला.

कंपनीच बदलली तर? फिटबिटने २०२० साली मे ते ऑक्टोबर या काळात असाच अभ्यास केला. ४,५५,६९९ माणसे सामील झाली. त्या वेळी फिटबिट विकत घेण्याचा गूगलचा २१० कोटी डॉलरांचा सौदा जाहीर होऊन काही महिने लोटले होते आणि मंजुरी बाकी होती. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये ती दिली, पण एका अटीवर : युरोपातल्या वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती दहा वर्षे जाहिरातींसाठी वापरायची नाही. अट घातली गेली हे चांगलेच. पण ती युरोपापुरती आणि दहा वर्षांपुरती. माणसाचे हृदय त्याहून जास्त काळ चालते, अशी आपली अपेक्षा असते.

नाव पुसल्याने काय होते?

‘तुमचे नाव काढून माहिती वापरली जाईल’ हे वाक्य प्रत्येक संमतिपत्रात असते. त्याचे वजन किती, हे २०१८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासाने दाखवले. राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या सुमारे ४,७०० प्रौढांच्या हालचालींच्या निनावी नोंदी संगणकाला दिल्या. वय, लिंग यांसारख्या मोजक्या तपशिलांच्या जोडीने त्याने जवळजवळ ९५ टक्के माणसे पुन्हा ओळखली. आपली चाल, आपली झोप, आपली धाप ही सहीसारखीच असते.

माघार घेण्याचेही तसेच. अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येते, हे खरे. मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या कक्षेतल्या चाचण्यांत बाहेर पडेपर्यंत गोळा झालेली माहिती काढून टाकता येत नाही. यामागचे कारण प्रामाणिक आहे. ज्यांना त्रास झाला ते निघून गेले आणि त्यांच्या नोंदीही गेल्या, तर निष्कर्ष खोटे ठरतील. युरोपच्या २०१८ सालच्या नियमांनीही संशोधनासाठी असाच अपवाद ठेवला आहे. म्हणजे पुढची नाडी थांबवता येते, दिलेली नाडी परत मिळत नाही. हे सामील होणाऱ्याला आधी, ठळक अक्षरांत कळायला हवे.

आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यातल्या दोन तरतुदी मराठी वाचकाने लक्षात ठेवाव्यात. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यायला हवी. आणि संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे. मात्र एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी वापरली जात नसेल, तर ठरलेल्या निकषांनुसार होणाऱ्या संशोधनाला याच कायद्यात मोठी सूट आहे. म्हणून कायदा आहे एवढ्यावर निर्धास्त राहून चालणार नाही.

दिवाळीत मुले आईवडिलांना असे घड्याळ भेट देतात. पाडव्याच्या सकाळी मुलगा ते फोनला जोडतो, एकामागून एक पडदे पुढे सरकवतो आणि ‘मान्य आहे’वर बोट ठेवतो. नाडी वडिलांची, बोट मुलाचे. जिमीच्या वतीने निदान कोणीतरी सभागृहात उठून प्रश्न विचारला होता. वडिलांच्या वतीने तो घरातच विचारता येईल : ही माहिती कोणाकडे जाणार, किती वर्षे राहणार, कंपनी विकली गेली तर काय, आणि नको म्हटले तर काय परत मिळणार? चार प्रश्न, पाच मिनिटे. तेवढ्यात फराळ थंड होत नाही.