२२ सप्टेंबर : सुवर्णसंघाचा पुणेरी कर्णधार

२०२४मध्ये आजच्याच दिवशी बुडापेस्टला भारतीय महिला संघाने बुद्धिबळ ऑलिंपियाडचे पहिले सुवर्णपदक जिंकले. संघाचे कर्णधार होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे.

कुंटे १९९७ आणि २००० साली राष्ट्रीय विजेते झाले. आनंद, बरुआ आणि ठिपसे यांच्यानंतर ग्रँडमास्टर किताब मिळवणारे ते चौथे भारतीय. २००३मध्ये ब्रिटिश अजिंक्यपदही त्यांनी खिशात घातले. पुढे मुलामुलींना घडवण्याकडे वळले. २०२१चा ध्यानचंद पुरस्कार त्यांना मिळाला.

ऑलिंपियाडमधला कर्णधार स्वतः खेळत नाही आणि डाव सुरू झाला की चालही सुचवू शकत नाही. संघातल्या पाच जणांपैकी कोणाला बाहेर बसवायचे, हे मात्र प्रत्येक फेरीआधी त्यालाच ठरवावे लागते. हा वाईटपणा कुणालातरी घ्यावाच लागतो! २०२२मध्ये चेन्नईजवळ मामल्लपुरमला कुंटे यांच्याच संघाने शेवटच्या फेरीत अमेरिकेकडून हार खाल्ली आणि आघाडीवरून थेट कांस्यावर समाधान मानले. बुडापेस्टलाही आठव्या फेरीत पोलंडने हरवले, नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी झाली. पण दहाव्या फेरीत चीनला नमवले आणि अखेरच्या फेरीत अझरबैजानला ३.५-०.५ असे लोळवले. हरिका, नागपूरची दिव्या देशमुख आणि वंतिका जिंकल्या, वैशालीने बरोबरी साधली. दिव्या आणि वंतिकाला वैयक्तिक सुवर्णही मिळाले.

त्याच दिवशी खुल्या गटातही भारतच पहिला आला. त्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता.